हायहॅट घेताना डाव्या पायाला विचारा

आमच्या सांगली-मिरजेकडच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याचा डावा पाय बहुतेक वेळा रिकामाच असतो. हायहॅट म्हणजे पायानं उघडझाप करायची झांजांची जोडी. ऑक्टोपॅडच्या एका पॅडवर बंद हायहॅटचा आवाज, शेजारच्या पॅडवर उघड्याचा, तेवढ्यावर लग्नं, गणपती आणि कॉलेजांची गॅदरिंगं निघून जातात. मीही त्यातलाच. घरी सरावाला साधा लाकडी ड्रमसेट होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातली आमची तळमजल्यावरची खोली पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर ड्रमच्या प्लायवूडचे पदर हातानं सोलता येत होते. पुढं आम्ही विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. खाली काकू राहतात, त्यांच्या डोक्यावर खराखुरा ड्रमसेट वाजवणं शक्यच नव्हतं. म्हणून वापरलेला इलेक्ट्रॉनिक सेट घेतला, रोलँडचा टीडी-१७केव्ही.

या सेटवर हायहॅट म्हणून दहा इंची सीवाय-५ पॅड रॅकला आडवा लावलेला असतो, आणि पायाशी एफडी-९ नावाचं वेगळं कंट्रोल पेडल. पेडल दाबलं की आवाज बंद हॅटचा, सोडलं की उघड्याचा. सुरुवात म्हणून हे चांगलंच आहे. जागा कमी लागते, आवाज कमी होतो, बिघडण्यासारखं फार काही नाही. पण पाय कितीही हलवा, पॅड जागच्या जागीच. काठी ज्यावर पडते ते आणि पाय ज्याला हलवतो ते, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे हाताला सतत जाणवत राहतं. अर्धवट उघडा, सळसळणारा हॅट धरून ठेवायचा म्हटलं की पाय अंदाजानं हवेत तरंगतो.

बदलायचं ठरवल्यावर मी आधी मॉडेलं बघितली नाहीत. आपल्याला हायहॅटकडून नेमकं काय हवंय, ते लिहून काढलं. ऑर्केस्ट्रात ऐंशीच्या दशकातली डिस्को गाणी आजही फर्माइशीला असतात आणि त्यांत प्रत्येक ऑफबीटला, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे, हॅट उघडून पुढच्या ठोक्याला कापावा लागतो. हे काम एफडी-९ वर व्यवस्थित होत होतं. संथ गाण्यात काठी न लावता नुसत्या पायानं चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ‘चिक’ द्यायचा, तोही येत होता. अडत होतं ते दोन ठिकाणी. एक तो अर्धवट उघडा हॅट, आणि दुसरं म्हणजे पायानं झटक्यात आपटून लगेच सोडल्यावर येणारा ‘छ्याँ’, ज्याला स्प्लॅश म्हणतात. दोन्ही कामं पायाची. हायहॅटची सुरुवातच मुळी पायापासून झाली. १९२० च्या दशकात अमेरिकी ड्रमर जे वाजवत ती जोडी जमिनीपासून फूटभर उंचीवर असायची आणि तिला ‘लो-बॉय’ म्हणत. ती फक्त पायानंच वाजायची. दांडा लांबवून झांजा काठीच्या टप्प्यात आणल्या गेल्या त्या नंतर. मग आपणच पॅडच्या आकारावरून खरेदी का करावी?

बाजारात ढोबळ मानानं चार प्रकार दिसतात. स्थिर पॅड आणि वेगळं पेडल, जे माझ्याकडं होतं. दुसरा, खऱ्या हायहॅट स्टँडवर बसणारा एकच पॅड, ज्याच्या खाली सेन्सरची थाळी असते. रोलँडचा व्हीएच-१० किंवा यामाहाचा आरएचएच१३५ या जातीचे. तिसरा, वर-खाली दोन थाळ्यांचा, दिसायला आणि वाजवायला जास्त खरा. आणि चौथा डिजिटल, रोलँडचा १४ इंची व्हीएच-१४डी, जो यूएसबी वायरनं मॉड्यूलशी, म्हणजे पॅडचे आवाज काढणाऱ्या डब्याशी, बोलतो.

मॉड्यूलकडं पाहिलं की यातले निम्मे पर्याय आपोआप गळतात. टीडी-१७ ला डिजिटल पॅडसाठी जागाच नाही, ती टीडी-२७ पासून पुढं मिळते. त्यामुळं चौदा इंची कितीही आवडला तरी मॉड्यूलच बदलावं लागलं असतं. एका कंपनीचा हॅट दुसरीच्या मॉड्यूलला लावण्याचं काम तर बेभरवशाचं. काठीचा ठोका उमटेल, पण पायाची उघडझाप सांगणाऱ्या वायरची भाषा प्रत्येक कंपनीची आपली-आपली. हायहॅटला दोन वायरी असतात हे ऑक्टोपॅडवाल्यांना पटकन लक्षात येत नाही. एक ठोक्याची, दुसरी पाय किती दाबलाय ते सांगणारी. टीडी-१७ च्या वायरींच्या जुडग्यात त्यांच्यावर ‘एचएच’ आणि ‘एचएचसी’ असं छापलेलं असतं.

आमच्या कीबोर्डवाल्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भावा, एका झांजेपायी एवढं? लोकं तर गायिकेकडं बघत्यात.”

सांगलीत अशा वस्तू हाताळून बघायला मिळत नाहीत. दुकानांत ऑक्टोपॅड, कीबोर्ड, ढोलकी मुबलक, पण उभा करून ठेवलेला ई-ड्रम विरळाच. म्हणून पुण्याला एका दुकानात जाऊन बघितलं. सोबत लॅपटॉप नेला होता, आणि तो नेला ते फार बरं झालं. मॉड्यूल यूएसबीनं जोडून स्क्रीनवर मिडीचे, म्हणजे वाद्यं एकमेकांना पाठवतात त्या इशाऱ्यांचे, आकडे बघत बसलो. बंद हॅटचा नंबर ४२, पायाच्या चिकचा ४४, उघड्याचा ४६, हे तर जनरल मिडी या सगळ्यांनी मानलेल्या यादीत ठरलेलंच आहे. मला बघायचा होता कंट्रोल नंबर ४, म्हणजे पायाची जागा. पाय वर असताना आकडा शून्याजवळ, दाबत गेलं की १२७ कडं सरकतो. टाच टेकवून चवडा सावकाश खाली न्यायचा आणि आकडे एकेक पायरी चढल्यासारखे येतात की उड्या मारतात, ते बघायचं. उड्या मारत असतील तर अर्धवट हॅट विसरा. कानाला जे ‘काहीतरी चुकतंय’ एवढंच कळतं, ते इथं डोळ्यांना दिसतं.

मग उजव्या हातानं एकसारखे आठवे (एका ठोक्यात दोन) चालू ठेवून डावा पाय अगदी हळू उचलायचा, पुन्हा हळू टेकवायचा. नंतर हेडफोन काढून तेच करायचं, कारण खोलीत पायाचा धप्प आवाज किती होतो तेही कळलं पाहिजे. दुकानातल्या पोरानं मला जोरजोरात रोल वाजवून दाखवले. ते छान होते, पण हायहॅट विकत घेताना त्यांचा काही उपयोग नाही.

व्हीएच-१० वर पाय ठेवला आणि विषय संपला. बारा इंची पॅड पायासरशी खरंच खाली येतो, काठीखाली थोडा डुलतो, आणि बंद झाल्यावरही आणखी दाबलं तर आकडा अजून सरकतो. त्यामुळं सैल बंद आणि घट्ट बंद असे दोन वेगळे आवाज मिळतात. दोन थाळ्यांचा प्रकार याहून खरा वाटतो हे मान्य. पण माझ्या कामाला तो फरक दामाइतका मोठा वाटला नाही. नवा न घेता वापरलेला व्हीएच-१० शोधला, कोल्हापुरात मिळाला.

स्टँड त्यासोबत येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. इथं बरेच जण हात आखडतात आणि माझ्या मते तिथंच सगळं बिघडतं. दांडा डुगडुगला की सेन्सरला पाय हललाय असंच वाटतं. मी दोन गोष्टी बघितल्या. स्प्रिंगचा ताण बदलता आला पाहिजे, कारण रबरी पॅड उचलायला पितळी झांजेपेक्षा वेगळी ताकद लागते. आणि तिवईचे पाय फिरवता आले पाहिजेत. ई-ड्रमच्या रॅकचा डावा खांब नेमका जिथं स्टँडचा पाय यायचा तिथंच उभा असतो, आणि बास ड्रमचं डबल पेडल असेल तर तिथं अजूनच गर्दी. स्टँडचा पाय फिरणारा नसता तर माझा हायहॅट स्नेअरपासून, म्हणजे समोरच्या मुख्य ड्रमपासून, हातभर लांब गेला असता.

वापरलेल्या पॅडच्या क्लचमधल्या (पॅडला दांड्यावर धरून ठेवणाऱ्या भागातल्या) फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरी कापडाच्या, चकत्या दबून पुठ्ठ्यासारख्या कडक झालेल्या होत्या. पॅड डुलायचा थांबला होता. मिरजेत पेटी दुरुस्त करणारे एक काका आहेत. पेटीच्या पट्ट्यांखाली फेल्ट असतंच, त्यांनी त्यांच्या तुकड्यातून दोन पदरी चकत्या कापून मधे पंचनं भोक पाडून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, “असू दे. वाजवून दाखव एकदा, मला कळू दे हे काय प्रकरण आहे.”

खरा वेळ गेला तो जुळवणीत. मॉड्यूलमध्ये आधी पॅडचा प्रकार व्हीएच१० निवडायचा. मग क्लचचा स्क्रू सैल करून वरचा पॅड सेन्सरच्या थाळीवर स्वतःच्या वजनानं बसू द्यायचा. पॅडला हात लावायचा नाही, पेडलवर पाय ठेवायचा नाही. मॉड्यूलमधल्या ‘व्हीएच ऑफसेट’ या सेटिंगला बटण दाबलं की काही सेकंदांत मॉड्यूल ती जागा ‘पूर्ण टेकलेला’ म्हणून लिहून घेतं. नंतर पॅड उचलायचा, पाऊण बोट फट ठेवायची आणि स्क्रू आवळायचा. पुस्तकात हे चार ओळीत आहे. माझ्याकडं मात्र मीटर दर वेळी वेगळंच दाखवत होता. एकदा पूर्ण बंद होईना, एकदा उघडेना. खाली वाकून थाळीच्या पातळीला डोळा लावला तेव्हा दिसलं की पॅड एका बाजूला टेकलाय आणि दुसऱ्या बाजूनं उजेड दिसतोय. आमच्या खोलीच्या फरशीला मोरीकडं उतार आहे, त्यामुळं स्टँड किंचित कललेला. मोबाइलमधलं लेव्हल दांड्याला टेकवून, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून दांडा ओळंब्यात आणला, पुन्हा ऑफसेट घेतला, आणि आकडे सुतासारखे सरळ आले.

एक फायदा न मागता मिळाला. आधी स्नेअरवर जोरात रिमशॉट (कातडं आणि कडा एकदम) मारला की रॅकमधून धक्का जाऊन हायहॅट अधूनमधून आपसूक बोलायचा. असे दुसऱ्या पॅडवरून आलेले धक्के गाळणारं क्रॉसटॉकचं सेटिंग वाढवून ते दाबावं तर हलके ठोके गिळले जायचे. स्टँड रॅकपासून सुटा झाल्यावर ते सेटिंग पार खाली आणता आलं, आणि स्नेअरसोबत हॅटचे बारीक ठोकेही ऐकू यायला लागले.

तोटाही आहे. पायाचा धक्का आता स्टँडमधून थेट फरशीत जातो. काकूंनी तक्रार केली नाही, पण जिन्यात भेटल्यावर “रात्री दहानंतर सुतारकाम असतंय का रं तुझ्याकडं?” असं विचारलं. जाड रबरी चटई, तिच्यावर दुमडलेली सतरंजी आणि मग स्टँड, असं केलं. शिवाय दहानंतर चिक-स्प्लॅशचा सराव बंद. तेव्हा फक्त हात चालतात.

डाव्या पायाला मात्र वेळ लागला. वर्षानुवर्षं बसून असलेल्या पायाला एकदम काम दिलं की तो आधी घोट्यात दुखतो. मी मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून नुसता चिक वाजवत बसायचो, हात मांडीवर. स्प्लॅश अजूनही दर वेळी येतोच असं नाही. सेन्सरचा काही दोष नाही त्यात, पाय वेळेवर सुटत नाही.

परवा तासगावचा एक पोरगा आला होता, नवा नवा ई-ड्रम घेतलेला. त्यालाही स्टँडवरचा हायहॅट हवा होता. त्याला मी आधी मॉड्यूलच्या मागचा फोटो पाठवायला सांगितला, आणि मॅन्युअलमधलं चालणाऱ्या पॅडचं पान. त्यात स्टँडवरचा एकही हॅट नव्हता. वाजवतो काय म्हणून विचारलं, तर भजनाच्या फ्यूजनला साधा ठेका आणि शाळेचं बँडपथक. त्याला म्हटलं, स्टँड राहू दे, तुझं पेडल घसरतंय त्याला आधी खाली चटई घाल, आणि त्या पैशात चांगला हेडफोन घे. तो थोडा हिरमुसला, पण चटईचं माप विचारून गेला.