मेणवलीची थोरली घंटा आणि गुळगुळीत पायऱ्या

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर घंटेपाशी जरा रेंगाळलं की कोणी ना कोणी आपल्या पाहुण्यांना सांगताना ऐकू येतंच, "नाना फडणवीसांनी वसई जिंकली ना, तेव्हा आणली ही." पोर्तुगीजांची वसई पडली मे 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. नाना जन्मले 1742 साली. घंटा वसईकडचीच, पण नानांच्या वाट्याला ती पुढे कधीतरी आली. चर्चमधल्या अशा घंटा त्या लुटीतून देवळादेवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर 1721 ची आहे, भीमाशंकरला 1729 ची. मेणवलीची या तिघींत थोरली, 1707 ची. औरंगजेब नगरजवळ मेला त्या वर्षीची.

ती मेणेश्वराच्या देवळाजवळ, छोट्या दगडी घंटाघरात टांगलेली आहे. बहुतेक जण समोर उभं राहून फोटो काढतात, आणि फोटोत काळा गोळा येतो. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, धातूला जवळजवळ टेकवून, तिरका धरायचा. मग सावल्या पडतात आणि कडेवर बाळ येशू घेतलेली मेरी वर उठून येते. अशा घंटांवरच्या आकृती आणि आकडे मागाहून कोरत नाहीत. साच्यातच उलटे कोरलेले असतात, धातू ओतला की ते उठावात उमटतात. म्हणून कडा बोथट लागतात, छिन्नीसारख्या धारदार नाहीत.

आता तक्रार. हिला नाणं, कडं, एखाद्या शहाण्याच्या हातातला दगड, काहीही मारून बघतात. "पंचधातूची आहे, काही होत नाही." होतं. युरोपी घंटांचं कासं म्हणजे ढोबळमानाने चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथील इतकं चढवलं की धातू कडक होतो आणि नाद लांबतो, पण ठिसूळही होतो. देवळातली पितळी घंटा आपटली तर पोचा येईल, हिला तडा जाईल. आणि तडा गेलेली घंटा वाजत नाही, खरखरते. वाजवायचीच असेल तर लोळा हलकेच एकदा टेकवून लगेच मागे येऊ द्यावा. दाबून धरलेला लोळा सगळ्यात वाईट, कारण कंप सुटायला जागाच राहत नाही.

गावात शिरायची वाट सोपी आहे. पुण्याहून खंबाटकी उतरल्यावर सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा, वाई गाठायची, तिथून धोमच्या रस्त्याने तीनेक किलोमीटर. एसटीने आलात तर वाई स्टँडवरून रिक्षा. परतीचं आधी ठरवून ठेवा, गावात रिक्षा उभ्या नसतात. चालण्याचं अंतर म्हणाल तर काहीच नाही. वाडा, मागची वाट, घाट, दोन देवळं, संपलं. दम कुठेच लागत नाही, दगा देतात त्या पायऱ्या.

घाट अर्धचंद्राकृती उतरतो, काळ्या घडीव दगडाचा. कोरड्या पायऱ्या राखाडी दिसतात, तिथे बिनधास्त चाला. पाण्यालगतच्या हिरवट-काळ्या दिसल्या की थांबायचं. शेवाळ तर असतंच, वर गोधड्या धुतल्याचा साबण असतो, आणि अडीचशे वर्षांत पायऱ्यांच्या कडा पावलांनी गोल झाल्यात. उतरताना पाऊल सरळ न टाकता आडवं टाकावं, अख्खा तळवा पायरीवर बसतो. रबरी चप्पल इथे चपलेसारखी वागत नाही, साबणवडीसारखी वागते. त्यापेक्षा अनवाणी बरं. वरच्या अंगाला धोमचं धरण आहे. आवर्तन सुटलं की पाणी चढतं, तेव्हा खालच्या पायरीवर पिशव्या-चपला ठेवून देवळात जाऊ नका.

सांध्यांकडेही बघा. चुना गळून गेलाय तिथे पिंपळाची बोटभर रोपं दिसतील. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, मूळ फटीत शिरतं आणि जाड होत होत घडीव चिरा हलवतं. वरून छाटलं की मूळ आणखी पोसतं. उत्साही मंडळी नेमकं तेच करतात आणि सफाई झाल्याचा फोटो टाकतात. रोप लहान असताना मुळासकट काढून सांधा पुन्हा चुन्याने भरावा लागतो. सिमेंटने भरला तर ओल आत कोंडते, आणि सिमेंट चुन्याहून खूप कडक, त्यामुळे झीज चिऱ्यालाच लागते.

वाड्याचं बोलायचं तर सहा चौक, खाली दगडी जोतं, वर लाकडाचा सांगाडा. डिसेंबर 1768 मध्ये गाव नानांना इनाम मिळालं, वाडा त्यानंतरचा. आजही तो खासगी मालकीचा आहे, तेव्हा बंद दार ढकलून बघू नये. दारं बुटकी, उंबरे उंच. खाली बघाल तर कपाळ, वर बघाल तर अंगठा. भित्तिचित्रांवर फ्लॅश नको आणि बोट तर नकोच, हाताचा तेलकटपणा रंगावर कायमचा राहतो. नानांची कागदपत्रं शोधू नका. मेणवली दफ्तर इतिहासकार द. ब. पारसनीसांनी मिळवलं, ते साताऱ्यामार्गे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं. वाड्यात उरलंय ते लाकूड, अंधार आणि गारवा. मला तेवढं पुरतं. सिनेमाचं चित्रीकरण नेमकं कुठे झालं हे विचारणाऱ्यांची गर्दी मात्र दहानंतर वाढते, प्री-वेडिंगवाले तर त्याही आधी झगे घेऊन पायऱ्यांवर हजर. साध्या वारी सकाळी सातला गेलात तर घाट तुमचा.

परतताना वाईत गणपती घाटावर ढोल्या गणपती बघतातच सगळे, मूर्ती केवढी आहे म्हणून. देवळाला वळसा घालून मागे जा. 1762 साली सरदार रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत सपाट नाही, माशाच्या आकारात निमुळती केलेली आहे. कृष्णेचा पूर तिथे येऊन आपटण्याऐवजी दोन्ही अंगांनी फाकून पुढे जातो.