पॉडकास्ट अपडेट: सा वरून मध्यमाकडे सरकणारा कार्बन डायऑक्साइड

आवाजात आलेख दाखवता येत नाही म्हणून पर्यावरणाच्या एपिसोडला दरवेळी अडायला होतं, तर त्यावर तीन आठवडे डोकं घातलं आणि आत्ता कुठे ऐकण्यासारखं काहीतरी हाती लागलंय.

शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर हवेतला सीओटू मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो ३१५ पीपीएमच्या आसपास होता म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंत ३१५, आणि २०२३ ची सरासरी ४२० च्या थोडी वरच. आता हे नुसतं वाचून दाखवलं की पुढच्या वाक्याला ऐकणारा विसरतो (घरच्या टेस्टर मंडळींनी दोन मिनिटांत ४२० चं ४५० केलं). म्हणून म्हटलं सूरच काढू, जेवढे पीपीएम तेवढे हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं), बास. आणि मग लक्षात आलं की ४२० भागिले ३१५ म्हणजे बरोब्बर चार-तृतीयांश, म्हणजे सा ते शुद्ध मध्यम यांच्या कंपनांचं प्रमाण! त्या रात्री झोप नाही.

पहिला ट्राय फसला. पायथनमध्ये (प्रोग्रामिंगची भाषा) दर महिन्याला फ्रिक्वेन्सी बदलताना फेज, म्हणजे आवाजाची लहर कुठवर आली होती ते, सांभाळली नव्हती त्यामुळे नुसती टिकटिक. ती गेली, तर दुसराच घोळ, एका वर्षाला अर्धं सेकंद धरलं तर ६५ वर्षं ३३ सेकंदांत जातात, पण सूर इतका हळू चढतो की चढलाय हेच कोणाला कळेना. मग खाली ३१५ चा सा सतत धरून ठेवला, तंबोऱ्यासारखा. एक सप्तक खाली घेऊन पाहिला होता पण मोबाईलच्या स्पीकरवर तो गायबच. आता दुसरा सूर सा पासून सुटतो, घासतो, लांब जातो, अगदी स्पष्ट.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हेलकावा. उत्तर गोलार्धातली झाडं वाढीच्या दिवसांत सीओटू ओढून घेतात आणि थंडीत तो परत सुटतो, त्यामुळे मेमध्ये तो सर्वात वर, सप्टेंबरच्या शेवटाला खाली, फरक साधारण ६ पीपीएम. हा कानाला गाण्यातल्या आंदोलनासारखा, म्हणजे सूर हळूच झुलवल्यासारखा लागतो, त्याच्यावर वेगळं बोलायचीही गरज पडली नाही.

पण आता खरी पंचाईत. शेवटी सूर मध्यमावर पोचला की सा-म गोड लागतात, सुरुवातीची घासाघीस संपते आणि टेस्टर म्हणतात "अरे वा, शेवटी ठीक झालं वाटतं". वस्तुस्थिती नेमकी उलट! डेटा बिघडवणार नाही, ते नक्की. एका व्हर्जनमध्ये शेवटच्या दहा वर्षांत खालचा सा काढून टाकलाय, दुसऱ्यात आधीच सांगून टाकलंय की गोडव्याला फसू नका. मला पहिलं जास्त बरं वाटतं, बायकोला दुसरं. दोन्ही फाईल मोनोमध्ये (डावा-उजवा वेगळा नाही, एकच आवाज) टाकतोय, हेडफोन न लावता मोबाईलवरच ऐका आणि कुठलं ठेवू ते सांगा.