शिकण्यासाठी युनिक्स निवडताना

शिकायला कोणती मोफत युनिक्ससारखी (म्हणजे युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या धर्तीवरची) प्रणाली घेऊ, असं कुणालाही विचारा, तो स्वतः जी वापरतो तिचंच नाव सांगेल. मलाही उबुंटूपासून आर्चपर्यंत सगळी नावं ऐकून झाली. डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, माझ्या लॅपटॉपवर आधीपासून होतंच आणि रोजच्या कामाला त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण सगळं निमूट चालत असलं की आत डोकावायला कारणच मिळत नाही. मला कमांडा पाठ करायच्या नव्हत्या. कमांड दिल्यावर आत काय होतं ते बघायचं होतं. म्हणून कसोटी एकच ठेवली: कमांडपासून तिच्या सोर्सपर्यंतची, म्हणजे मूळ कोडपर्यंतची, वाट किती लांब आहे?

लिनक्समध्ये ही वाट वळणावळणाची आहे. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनस टॉरवाल्ड्सने 1991 मध्ये सुरू केलेला, बहुतेक रोजच्या कमांडा 1983 मध्ये जाहीर झालेल्या ग्नू प्रकल्पातल्या, मशीन सुरू झाल्यावर बाकीच्या सेवा चालू करणारं सिस्टिमडी तिसऱ्यांचं, आणि हे सगळं जुळवून देणारे डेबियनवाले चौथे. ‘एपीटी सोर्स’ म्हटलं की सोर्स उतरतो, नाही असं नाही. पण मग पॅचेस, कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि बिल्डला लागणाऱ्या पॅकेजांची रांग. अख्खं लिनक्स सोर्सपासून स्वतः बांधायला लावणारं ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे पुस्तकही थोडं करून पाहिलं. त्यात पॅकेजं बांधायला शिकलो, वाचायला नाही. स्क्रीनवरून सरकणाऱ्या ओळी बघण्यातच बराच वेळ जातो.

मिनिक्स शिकवण्यासाठीच लिहिलेलं, 1987 चं. पण 2014 नंतर त्याची स्थिर आवृत्ती आलेली नाही. एमआयटीचं एक्सव्ही-6 सुरेख आहे, अख्खा कर्नल काही हजार ओळींत. मात्र त्यात राहता येत नाही, ते फक्त अभ्यासायचं.

उरल्या बीएसडी, म्हणजे बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सपासून आलेल्या प्रणाली. इथे कर्नल, सी लायब्ररी, मूळ कमांडा आणि मॅन पेजेस (प्रणालीसोबत येणारी माहितीची पानं) एकाच सोर्स ट्रीमध्ये असतात आणि एकच चमू ते सांभाळतो. फ्रीबीएसडीचं हँडबुक उत्तम आहे, झेडएफएस (फाइल सिस्टिम) आणि जेल्स (प्रोग्रॅम वेगळे कोंडून चालवायची सोय) शिकायचे असतील तर तेच घ्यावं. मी ओपनबीएसडी घेतलं, कारण ते आटोपशीर आहे आणि त्याची मॅन पेजेस खरंच वाचण्याजोगी आहेत.

व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकात चालणाऱ्या नकली संगणकात) टाकलं. इन्स्टॉलर म्हणजे साधी प्रश्नोत्तरं. बहुतेक ठिकाणी एंटर दाबलं की भागतं. पहिल्यांदा लॉगिन केलं तर रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, चक्क मेल आलेला, आणि पुढे ‘आफ्टरबूट’ नावाचं मॅन पेज वाचा म्हणून सूचना. इंटरनेटवर शोधाशोध न करता पहिली संध्याकाळ त्या पेजवरच गेली.

सुरुवातीला ‘येस’ ही कमांड उघडली. थांबवेपर्यंत ‘वाय’ छापत राहणं एवढंच तिचं काम. मॅन पेज सांगतं की ती युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे 1979 पासून. सोर्समध्ये मुद्द्याचं तेवढंच: आर्ग्युमेंट दिलं असेल तर ते, नाहीतर ‘वाय’, न संपणाऱ्या लूपमध्ये. ग्नूची ‘येस’ हेच करते, पण वेगासाठी आधी बफर भरून घेते, त्यामुळे कोड बराच लांबतो. हुशारीचं काम आहे, पण नवख्याला आधी छोटी बरी.

त्या छोट्या फाइलमध्ये ‘प्लेज’ची एक ओळ होती. प्रोग्रॅम कर्नलला सांगतो की यापुढे मला फक्त इतकंच लागेल. शब्द मोडला तर कर्नल त्याला तिथल्या तिथे मारतो. बघू तरी, म्हणून त्या ओळीखाली एक साधी फाइल वाचायला उघडणारी ओळ घातली, मेक केलं (म्हणजे सोर्सपासून प्रोग्रॅम पुन्हा बांधला) आणि चालवलं. ‘ॲबॉर्ट ट्रॅप’! डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, कारणही लिहिलेलं: ‘आरपाथ’ची (फाइल वाचायची) परवानगी नाही, सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) क्रमांक 5. हा 5 म्हणजे ‘ओपन’. प्लेजच्या यादीत ‘आरपाथ’ जोडलं, पुन्हा मेक केलं, आणि प्रोग्रॅम मुकाट चालला. सिस्टिम कॉल म्हणजे काय हे वाचून माहीत होतं, पण त्यावरून प्रोग्रॅम मेलेला पहिल्यांदा बघितला.

अडचणी आहेतच. ब्लूटूथ 2014 मध्येच काढून टाकलंय. फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नाही, त्यामुळे मशीन धाडकन बंद केलं की पुढच्या वेळी एफएससीके, म्हणजे डिस्कची तपासणी. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारं डॉकर चालत नाही. नोकरीसाठी शिकणाऱ्याने लिनक्सच धरावं, त्यात वाद नको. माझंही रोजचं काम डेबियनवरच चालतं.

कुणाला हे करायचं असेल तर एवढं बघा: इन्स्टॉल करताना ‘कॉम्प’ हा सेट (फाइलींचा गठ्ठा) राहू द्या, कंपायलर त्यातच आहे. सोर्स आपोआप येत नाही. ‘एसआरसी’ आणि ‘एसवायएस’ असे दोन टारबॉल (एकत्र बांधलेल्या फाइलींचे गठ्ठे) वेगळे उतरवून सोडवावे लागतात, तेव्हा व्हर्च्युअल डिस्क ऐसपैस द्या. कर्नल दुसऱ्यात आहे. प्लेजचा शब्द मोडल्यावर नेमकं काय होतं ते मी सध्या तिथे वाचतोय.