काऊ आळशी नव्हता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बालवाडीतून मुलांना न्यायला आलेल्या आया मला हे नेहमी विचारतात: "मॅडम, चिऊ-काऊच्या गोष्टीत चिऊ म्हणजे कष्टाळू आणि काऊ म्हणजे आळशी, असंच सांगायचं ना मुलांना?" मी "नाही" म्हणते, पण फाटकाशी उभ्या उभ्या पुढचं सांगणं होत नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि भिजलेला काऊ चिऊचं दार वाजवतो. ती आतून म्हणते, थांब, बाळाला आंघोळ घालते. थांब, बाळाला तीट लावते. थांब, बाळाला झोपवते. पुढचं घराघरांत वेगळं. माझ्या आजीचा काऊ आत येऊन रात्रभर कुटुम-कुटुम हरभरे खायचा. शेजारच्या काकूंचा काऊ तापल्या तव्यावर बसून भाजायचा, आणि ते ऐकून मी रडायची.

आता नीट आठवून पाहा, यात आळस कुठे आहे? चिऊ राबत होती आणि काऊ लोळत होता, असं आजीनं कधी सांगितलं नाही. ते आपण मागाहून घातलं.

आजीचं स्वतःचं घर कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं होतं. दर पावसाळ्यात भिंतीचे पोपडे सुटायचे आणि दर दिवाळीआधी ती पुन्हा लिंपायला बसायची. तिच्याइतकं कष्टाळू माणूस मी पाहिलेलं नाही. शेण गोळा करून आणता येतं, मेणाला पैसे पडतात. ज्याच्याकडे जे होतं, त्याचं त्यानं घर बांधलं. शेण-मेण माझ्यासाठी स्वभावाची नाही, ऐपतीची खूण आहे.

एका एप्रिलमध्ये वर्गातल्या एका पोट्ट्यानं मला थांबवलं. "मॅडम, उन्हाळ्यात तं चिऊचं घर पिघलून जाईन ना?"

मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या कितीतरी आधी पडतं. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५च्या वर जातो, तिथे मेणाचं छप्पर काय टिकणार? आजीच्या शेणामातीच्या खोलीत मात्र भर दुपारी गार वाटायचं. म्हणजे गोष्ट पावसाऐवजी उन्हाळ्यात घडली असती, तर बाळाला घेऊन दार वाजवणारी चिऊच असती. चार वर्षांच्या मुलाला हे दिसलं. मला इतकी वर्षं गोष्ट सांगूनही दिसलं नव्हतं.

चिऊला मी दुष्ट म्हणत नाही. रात्रीची वेळ, घरात एकटी, कुशीत पिल्लू. ती काऊला कधीच "नाही" म्हणत नाही, फक्त "थांब" म्हणते. हा शब्द किती जड असतो, ते मला २०२३मध्ये कळलं.

२२ सप्टेंबरला आमच्याकडे महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण; संध्याकाळपर्यंत पंगती उठत होत्या. त्याच रात्री पाऊस कोसळला. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. वीज गेलेली. पहाटेच्या आधी दार वाजलं. नात माझ्याजवळ झोपली होती, ती उठेल म्हणून मी हळूच विचारलं, "कोण?" आवाज ओळखीचा होता, तळमजल्यावरच्या वहिनींचा. तरीही मी म्हणाले, "थांबा, चावी शोधते." मग मेणबत्ती शोधली. मग नातीच्या अंगावर पांघरूण घातलं. दार उघडलं तेव्हा वहिनी कमरेपर्यंत भिजलेल्या, खांद्यावर मुलगा, हातात गॅसचं पुस्तक आणि मुलाचं दप्तर. त्या एवढंच म्हणाल्या, "काकू, पाणी ओट्याला लागलं."

त्या पुढे कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत. पण पांघरूण घालायला मी थांबले होते, ते मला अजून टोचतं.

आठवड्याभरानं पितृपक्ष लागला. गच्चीवर पान ठेवून आम्ही सगळे हाका मारत उभे, "काव, काव!" तेव्हा जाणवलं की इथे दाराबाहेर आपण आहोत आणि थांबवणारा तो आहे. शिवाय कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि तिच्या पिल्लाला कावळेच भरवून मोठं करतात. गोष्टीत ज्याला आत घ्यायला इतका वेळ लागला, त्याच्या घरात परकं लेकरू वाढतं. काऊला लबाड म्हणताना हे आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

वहिनींचा मुलगा पुढच्या वर्षी माझ्याच वर्गात आला. मी गोष्ट सांगत होते. पहिलं "थांब" झालं, आंघोळीचं. दुसरं, तिटीचं. तिसऱ्याला तो सतरंजीवरून उठला, माझ्यापाशी आला आणि माझा हात ओढून म्हणाला, "आता उघड ना. त्याले थंडी लागून राहिली."

मी दार उघडलं. हरभरे नाहीत, तवा नाही. चिऊनं काऊला टॉवेल दिला, आणि मुलांनी विचारलं, कोणत्या रंगाचा.