चाडं इकडं वर

मागच्या जानेवारीत अण्णांना घेऊन आम्ही तीन म्युझियम बघितली. म्हणजे खरं तर एकच, दुसरं देऊळ होतं आणि तिसरं हुरड्याचं ठिकाण, पण सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला म्हणून मी ते धरते.

अण्णा म्हणजे माझे वडील, मंगळवेढ्याकडची काळी जमीन, सगळी हयात रब्बीच्या ज्वारीत गेली. आता गुडघ्यांपायी सोलापुरात आमच्याकडं असतात आणि दिवसभर टीव्ही बघून कंटाळतात, त्यात लेकीला शाळेतनं "आपल्या जिल्ह्याचा इतिहास" असा प्रोजेक्ट आलेला, म्हणलं चला दोघांचंही काम होईल.

पहिलं अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार. तलवारी, बंदुका, लेक एकदम खूश, अण्णा मात्र हात मागं बांधून एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "चांगल्या राखल्यात. एवढं तेलपाणी आपल्या कोळप्याला केलं असतं तर ते पण असंच चमकलं असतं की." झालं, तण काढायच्या अवजारापुढं राजेशाही संपली.

मग एका रविवारी हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेचा संगम, काठाला जुनं संगमेश्वराचं देऊळ, आणि त्याच्या तुळईवर शके 940 चा म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये त्याचं नाव घेतात. त्यात लिहिलंय काय तर जो हे वाचेल तो विजयी होईल. अण्णांनी चष्मा पुसून, मान वर करून, मोबाईलची बॅटरी मारून पाच मिनिटं बघितलं. "मराठीच आहे ना हे? मग लागंना कसं?" लेकीनंही ट्राय केलं, मीही केलं. तिघंही हरून परत आलो.

आणि तिसरं ते हुरड्याचं. नाव घेत नाही, हायवेला अशी आता बरीच झालीत, थंडीत गाड्यांची रांग लागते. आगटीत भाजलेली कणसं, गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी सगळीकडं जुन्या वस्तू मांडल्यात. बैलगाडीच्या चाकाला लाल ऑइलपेंट, जात्यात प्लास्टिकची फुलं, आणि शेडच्या मध्यभागी झुंबर म्हणून बैलानं ओढायची पेरणीची अख्खी पाभर टांगलेली, तीही उलटी! फण वर आभाळाकडं, चाडं खाली, आणि चाड्याच्या भोकांतून वायर काढून आत पिवळा बल्ब.

अण्णा जेवायचे थांबले. बराच वेळ वरच बघत बसले, मला वाटलं वाईट वाटलं असेल पण नाही, ते तिचे नळे मोजत होते. मग पाणी घेऊन आलेल्या पोराला म्हणाले, "बाळा, ह्येच्यात बी टाकलं तर कुठं जाईल?" पोरगं लातूरकडचं, शेतकऱ्याचंच, पण त्याच्या घरी ट्रॅक्टर. त्यानं वर बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "ताटात पडंल."

मग क्लास सुरू झाला. चाडं म्हणजे लाकडाची वाटी, बुडाला भोकं, त्यातून बी नळ्यात, नळ्यातून फणामागं तासात. बैल अण्णा हाकायचे पण मूठ आईची असायची, दिवसभर चाड्यावर हात धरून मागं चालायचं. मूठ जरा सैल सुटली की दाट उगवायचं, आखडली की तासात गॅप, आणि आठ दिवसांनी उगवून आलं की कुणाची मूठ कशी पडली ते बांधावरनं जाणाऱ्या सगळ्या गावाला कळायचं. हे सांगताना अण्णांचा हात टेबलावर तसाच झालेला, बोटं खाली, अंगठा हलता. आईच्या हाताची नक्कल. ती जाऊन सहा वर्षं झाली.

बाहेर पडताना सिमेंटचं कडं केलेलं एक पेव दिसलं. लोक त्यात नाणी टाकत होते, का ते मला अजून कळलं नाही. लेकीला वाटलं विहीर. अण्णा म्हणाले, विहीर नव्हं, जमिनीतलं कोठार, ज्वारी भरून तोंड लिंपून टाकायचं आणि उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरून मरतं. आधी वारं खेळू द्यायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचं. लेक म्हणाली, "मग दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडलं तेव्हा पण कंदील सोडला असेल?" मंगळवेढ्याच्या माणसाला आजवर कुणी हा प्रश्न विचारला नसेल. अण्णा गप्प. गाडीत बसल्यावर पंढरपूरचा बोर्ड गेला तेव्हा म्हणाले, "सोडलाच असणार की."

पुढच्या फेरीला गावाकडं गेलो तर त्यांनी गोठ्याच्या माळ्यावरनं आमची पाभर खाली काढायला लावली. भंगारवाला मागं दोनदा विचारून गेलेला, त्याला फक्त लोखंड पाहिजे होतं. तेल लावून ती ओट्यावर ठेवली, लेकीनं प्रोजेक्टसाठी फोटो काढला आणि वहीचं पान फाडून लेबल चिकटवलं, जुनी पाभर.

"जुनी कुठली?" अण्णा लगेच. "दिंड मी बदललीय, दोन नळे नवीन बसवलेत. चाडं तेवढं आज्याचं."

मग लेकीनं "जुनी" खोडलं. खाली त्यांनीच सांगितलं म्हणून स्केचपेननं मोठा बाण काढला आणि लिहिलं, चाडं इकडं वर.