कुंपणाची टिकटिक

"अगं, कुंपण वाजत नाहीये."

१० मे २०२४, शुक्रवार, रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. नानांचा फोन. मी ताटं वाढत होते. "नाना, आज काहीच वाजणार नाही, वादळ आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. त्या दोन वाक्यांवरून अजून माझं मन हलत नाही, म्हणून हे लिहितेय.

आमच्या गटाचं हॅम, म्हणजे हौशी, रेडिओ स्टेशन पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्येला, एंडलेस माउंटन्समधल्या एका टेकडीवर आहे. आम्ही चालवणारे सगळे न्यू जर्सीत, अडीच तासांवर. इथल्या कॉलन्यांच्या करारात अँटेनाला सरळ बंदी असते, गॅलरीतून वायर सोडली तरी पत्र येतं. म्हणून एका डेअरीवाल्या शेतकऱ्याच्या शेजारची जागा भाड्याने घेतली, १८ मीटरचा टॉवर उभा केला, त्यावर २० मीटर बँडची (म्हणजे १४ मेगाहर्ट्झची) तीन एलिमेंटची यागी, एका दिशेला रोखता येणारी अँटेना, चढवली, खाली लाकडी शेडमध्ये रेडिओ, अँप्लिफायर आणि एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवला. आपण घरी हेडफोन लावून बसायचं आणि आवाज, मोर्स, बटणं सगळं इंटरनेटवरून. मात्र नियमांच्या दृष्टीने तुमची खुर्ची कुठे आहे याला महत्त्व नाही, ट्रान्समीटर आहे तेच तुमचं ठिकाण.

लोकांना वाटतं, एवढ्या लांबून आवाज पोचवणं अवघड असेल. आवाज पोचवणं सोपं आहे. अवघड असतं ते थांबवणं. समजा तुम्ही ट्रान्समिट दाबलंय आणि त्याच क्षणी घरचं इंटरनेट गेलं, तर टेकडीवर ५०० वॉट चालूच राहतात आणि त्यांना आवरायला तिथे कोणी नसतं. अमेरिकी नियम म्हणतो की कंट्रोल लिंक तुटली तर जास्तीत जास्त तीन मिनिटांत ट्रान्समिशन आपोआप बंद झालं पाहिजे. मी तीन मिनिटांवर समाधानी नव्हते. आमच्या स्टेशनला घरच्या लॅपटॉपकडून दर अर्ध्या सेकंदाला 'मी आहे' असा निरोप जातो, सलग चार निरोप चुकले की ट्रान्समिशन आपोआप सुटतं. रास्पबेरी पायच गोठला तर वेगळा मायक्रोकंट्रोलर नव्वद सेकंदांनी ट्रान्समिट चालू ठेवणारी (पीटीटीची) वायर तोडतो. तोही फसला तर फोनवरून शेडची अख्खी वीज पाडता येते, आणि ती लाइन मोबाइल नेटवर्कवर आहे, मुख्य इंटरनेटवर नाही. हे तिन्ही थर मी स्वतः बांधले आणि टेबलावर पंचवीस-तीस वेळा वायर उपटून तपासले. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

नाना आमच्या गटातले, ८३ वर्षांचे. पुण्याच्या तार ऑफिसात २८ वर्षं त्यांनी तारा घेतल्या आणि पाठवल्या. लेकीकडे एडिसनला आल्यावर ऐंशीच्या उंबरठ्यावर इथली परीक्षा दिली. त्यांच्या टेबलावर फक्त मोर्स पाठवायचं एक पॅडल, ते लॅपटॉपला जोडणारा एक यूएसबी कीअर आणि मी मोठ्या बटणांचा करून दिलेला स्क्रीन असतो. दर शुक्रवारी रात्री आठला, म्हणजे पुण्यात शनिवारी पहाटे साडेपाचला, त्यांचा एका जुन्या सहकाऱ्याशी १४ मेगाहर्ट्झवर स्केड, म्हणजे ठरलेली भेट, असतो. यागी ३१ अंशांवर फिरवायची. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या वर, आणि वाट चढते थेट ६७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून. व्हॉट्सअॅप असताना हे कशासाठी, असं मला वर्षातून दहादा विचारलं जातं. विचारणाऱ्याने नानांच्या शेजारी एकदा बसावं. पलीकडून पहिला 'डिट' (मोर्सचा ठिपका) आला की त्यांचे खांदे सैल होतात, ते पाहावं.

त्या दिवशी आकाशाचं खरंच काही खरं नव्हतं. सूर्यावरच्या ३६६४ क्रमांकाच्या डागसमूहाची रुंदी पृथ्वीच्या पंधरापट होती. तिथून भारित कणांचे ढग एकामागोमाग एक आपल्याकडे सुटले होते आणि आमच्या संध्याकाळी सातच्या सुमारास भूचुंबकीय वादळ जी-५ या सर्वांत वरच्या पातळीला पोचलं. ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. अशा वेळी ध्रुवाकडून जाणारी लघुलहरींची (एचएफची) वाट बंदच होते. माझा फोन गुलाबी-हिरव्या आभाळाच्या फोटोंनी भरून गेला होता, पुढे लडाखमध्ये हानले इथेही लाल झाक टिपल्याचं वाचलं. मी दोन-तीन ठिकाणचे वेब रिसीव्हर उघडून ऐकले, तिथेही २० मीटर ओस पडला होता. मग आमचा रेडिओ गप्प आहे यात नवल काय?

नानांनी साडेआठला परत फोन केला. "वादळाचं मला कळतंय गं. पुणं येणार नाही, ते मी धरूनच बसलोय. पण कुंपण का नाही?"

हे कुंपण म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याचं गुरांसाठीचं विजेचं कुंपण. कुठेतरी गवत तारेला टेकतं, ठिणगी पडते आणि आमच्या रिसीव्हरमध्ये 'टिक' वाजतं. दीड सेकंदाला एक, मिनिटाला चाळीस, बारा महिने. आम्ही सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या आहेत. आमचा एक सभासद तर शेतकऱ्याला नियम दाखवायला निघाला होता. ज्याच्या मेहेरबानीने आपला टॉवर उभा आहे त्याला कागद दाखवायचे, ही बुद्धी काही लोकांना कुठून होते कळत नाही. मी तो माणूस आवरला आणि माझ्या सेटिंग्जमध्ये असे खटके गाळणारा नॉइज ब्लँकर कायमचा चालू करून टाकला. टिक गेली. माझ्या कानांतून तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

नाना ब्लँकर लावत नाहीत, त्याने मोर्सच्या कडा बोथट होतात म्हणतात. त्यामुळे ती टिक त्यांच्या हेडफोनमध्ये रोज होती. आणि ती टिक लांबचे सिग्नल परतवणाऱ्या वरच्या आयनोस्फिअरमधून येत नाही, टॉवरपासून चारशे मीटरवरून येते. सूर्याने वरचं आकाश पुसून टाकलं तरी कुंपण वाजायलाच हवं. नाना मला एवढंच सांगत होते.

आणि मी काय म्हणाले? "नाना, कानाच्या मशीनची बॅटरी बदलून बघा बरं."

ते क्षणभर थांबले. "बघतो," म्हणाले.

मी काहीच तपासलं नाही असंही नाही. स्टेशनला लॉगइन केलं. स्क्रीनवर अँटेना 'यागी' दिसत होती. दहा वॉट सोडून एसडब्ल्यूआर पाहिला (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला), १.१. झकास, म्हटलं. लॉगमध्ये तसंच लिहिलं: '२०:४१, अँटेना ठीक, १.१'. ती ओळ आजही तिथेच आहे. आमच्या यागीचा एसडब्ल्यूआर बँडच्या त्या टोकाला १.४ असतो, टॉवर उभा राहिल्यापासून १.४. तो १.१ कसा झाला हे मी स्वतःला विचारलं नाही, कारण आकडा चांगला होता. वाईट आकडा आला असता तर रात्री दोनपर्यंत बसले असते. दुसऱ्या, साध्या वायरच्या अँटेनावर बदलून पाहायला दहा सेकंद लागले असते. तेही केलं नाही.

शनिवारी वादळ चालूच होतं. आमच्यातल्या एकाने दुपारी एफटी-८ लावलं, संगणकाने संदेश पाठवायचा डिजिटल प्रकार. हा माणूस गटावरचा निरोप वाचत नाही, कधीच नाही. कुठेच आपला सिग्नल ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याने पॉवर वाढवली, ५०० वॉटपर्यंत, आणि दीड तास तसंच सोडून बाहेर गेला. एफटी-८मध्ये पंधरा सेकंदांच्या खेपा असतात, एक आड एक खेप ट्रान्समिट. माझ्या तिन्ही थरांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही, प्रत्येक खेप वेळेत संपत होती. मला दिसला तो शेडच्या तापमानाचा आलेख. मे महिन्यातल्या ढगाळ दुपारी तो एका सरळ रेषेत वर चढत होता. मी वीज पाडली.

रविवारी सकाळी निघाले. दार उघडताच वास आला, तापलेल्या तेलाचा, जुन्या ट्रान्सफॉर्मरसारखा. टेबलाखाली डमी लोडचा गॅलनचा डबा होता. अँप्लिफायर जुळवताना पॉवर हवेत न सोडता जिरवण्यासाठी हा असतो: तेलात बुडवलेला एक रेझिस्टर. झाकणाच्या भोकातून तेल पाझरून बाहेर आलं होतं, डब्याच्या रंगाला फोड आले होते आणि मागच्या फळीवर हाताच्या पंजाएवढा तपकिरी डाग होता. दीड तासाऐवजी चार तास गेले असते तर... शेजारी गोठा आहे.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मीच अँप्लिफायर डमी लोडवर ट्यून केला होता. ट्यून थांबवायची आज्ञा दिली आणि लगेच यागीचं बटण दाबलं. दोन्ही आज्ञा इंटरनेटवरून वेगवेगळ्या जोडण्यांनी गेल्या आणि दुसरी आधी पोचली. पॉवर चालू असतानाच अँटेना बदलणारा रिले हलला, ठिणगी पडली, संपर्क डमी लोडवरच चिकटले. ट्रान्समिट चालू असताना अँटेना बदलू नये म्हणून मी सॉफ्टवेअरमध्ये कुलूप घातलेलं आहे. पण डमी लोडचं बटण नंतर जोडलं आणि त्याला कुलूप लावायचं राहून गेलं. स्क्रीनवर 'यागी' दिसत होतं कारण स्क्रीन दिलेली आज्ञा दाखवतो, रिले प्रत्यक्षात कुठे आहे ते नाही. जागा उलट कळवणारा रिले बॉक्स मी गेल्या वर्षी मागितला होता. 'पुढच्या वर्षी बघू' असं ठरलं. टॉवरसाठी वर्गणी लगेच निघते, शेडमधल्या डब्यासाठी कोणी हात वर करत नाही.

तो एसडब्ल्यूआर चांगला का होता, तेही मग उघडच होतं. डमी लोड बनवलेलाच असतो तसा आकडा दाखवायला.

रिले काढून पिशवीत घातला. संपर्क सोडवायला पक्कड लागली. आतल्या पितळेवर मोहरीच्या दाण्याएवढा काळा गोळा होता. राखीव रिले बसवला, डमी लोडची वायर काढूनच ठेवली, रेडिओ चालू केला, ब्लँकर बंद केला.

टिक. टिक. टिक.

नानांना फोन लावला आणि काही न बोलता तो स्पीकरजवळ धरला. त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हां. वाजतंय." मी माफी मागितली, मशीनच्या बॅटरीबद्दल. "बदलली होती मी," ते म्हणाले. "तू म्हणालीस म्हणून बदलली. मग वाटलं, खरंच आपला कान गेला असेल. दोन दिवस टीव्हीचा आवाज वाढवून वाढवून बघत होतो."

शुक्रवारी मी त्यांचं ऐकलं असतं तरी पुणं आलं नसतं. वाट बंदच होती, रिले चांगला असता तरी पलीकडे काही पोचलं नसतं. नवरा हेच सांगून माझी समजूत घालतो. पण डबा तापला नसता. आणि टीव्हीपुढे बसून स्वतःचा कान तपासणारे नाना, ते झालं नसतं. तारेवरचे कान होते ते. मी त्यांना इमारतीतल्या इतर म्हाताऱ्यांसारखंच धरलं, आणि माझ्यासमोर तेव्हा स्क्रीनवर एकूण अकरा आकडे होते.

आता डमी लोडच्या बटणाला कुलूप आहे, डब्याला तापमानाचा सेन्सर आहे, आणि एसडब्ल्यूआर नेहमीपेक्षा चांगला आला तरी लाल दिवा लागतो. रिले बॉक्सचे पैसे मीच घातले. माझ्या सेटिंग्जमधला ब्लँकर काढून टाकला.

पुढच्या शुक्रवारी पुणं आलं, क्षीण पण स्वच्छ. त्यानंतर एका रात्री नानांचा पुन्हा फोन.

"अगं, कुंपण हळू झालंय. चाळीस असतात मिनिटाला, आज चौतीस मोजले. त्या माणसाची बॅटरी उतरली असेल, गुरं बाहेर पडतील."

रात्रीचे सव्वानऊ वाजले होते, डेअरीवाले पहाटे चारला उठतात. मी फोन ठेवला आणि लगेच शेतकऱ्याचा नंबर लावला.