टपावरचा लाइट बार मी का उतरवला

मी गुरांची डॉक्टर. माझा भाग भोर तालुक्याचा पश्चिमेकडचा, नीरा देवघर धरणाच्या कडेने वरंध घाटाकडे जाणारा रस्ता आणि त्याला फुटून डोंगरात शिरणाऱ्या वाटा. गाडी मारुती जिप्सी, हार्डटॉप, २००९ची, सेकंडहँड घेतलेली. दिवसाउजेडी त्या वाटांवर चालवायला काही वाटत नाही. पण म्हैस अडल्याचा फोन दिवसाउजेडी थोडाच येतो!

जादा दिवे बसवायचे ठरवलं तेव्हा मी सगळ्यात आधी जी चूक करता येते ती केली. टपावर, काचेच्या वर, बावीस इंची एलईडी लाइट बार लावला. खोक्यावर लुमेनचा भलामोठा आकडा होता आणि मी तो आकडा बघूनच घेतला. दुकानाबाहेर कोरड्या रात्री लावून पाहिला तर समोरचं अख्खं मैदान उजळलं. पाच-सहा महिने मी त्यावर खूश होते.

मग जुलै आला. रात्री दीडला हिर्डोशीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून फोन आला. डांबरी सोडून वर चढले आणि ढगातच शिरले. बार लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहिली. शिवाय वरून पडणारा उजेड ओल्या बॉनेटवर आपटून थेट डोळ्यांत येत होता. बार बंद केला तर हेडलाइट इतके मिणमिणते की वाटेची कड दिसेना. एका बाजूला ओहोळ, दुसऱ्या बाजूला दरी. मी हँडब्रेक ओढून थांबले. शेवटी ज्यांची म्हैस होती त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन खाली आला आणि गाडीच्या पुढे चालू लागला. त्याने ती बॅटरी गुडघ्याजवळ धरली होती, अगदी सहज, सवयीने. दोन सेलची साधी बॅटरी, पण मला वाट दिसली. चाकोरी दिसली, तिच्यातलं पाणी दिसलं, कडेचा सुटा दगड दिसला.

घरी आल्यावर त्या गुडघ्याजवळच्या बॅटरीचा विचार डोक्यातून जाईना. कारण साधं आहे. धुक्याचा प्रत्येक थेंब उजेड परत फेकतो. दिवा डोळ्यांच्या जवळ असेल, तर आपण ज्या धुक्यातून बघतो तेच धुकं दिवा पेटवतो. दिवा खाली असेल, त्याचा झोत आडवा पसरट असेल आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी असेल, तर डोळ्यांसमोरचं धुकं बरंचसं अंधारात राहतं आणि उजेड जमिनीवर पडतो. दिवा किती वॅटचा यापेक्षा तो कुठे आहे आणि त्याचा झोत कसा कापलेला आहे, यावर सगळं अवलंबून आहे. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो ते. तो कुठे पडतो हे तो आकडा सांगत नाही.

नवीन काही घेण्याआधी मी मल्टिमीटर काढला. कळकळीने सांगते, प्रत्येकाने हे आधी करावं. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते. हेडलाइटच्या होल्डरवर मोजले तर ११.९. जुन्या वायरिंगमुळे आणि हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येत असल्यामुळे जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच जिरत होते. हॅलोजनला हे फार बाधतं. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. माझा तर चाळीस टक्के गेला होता! बॅटरीपासून थेट नवी वायर, अप्परला एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), डिपरला एक रिले आणि बॉडीला स्वच्छ खरवडून घेतलेलं अर्थिंग, एवढंच केलं. तेच ६०/५५ वॅटचे एच-४ बल्ब, पण गाडी नवी झाल्यासारखी वाटली. निम्म्या लोकांना यापुढे काही लागणारही नाही, असं माझं मत आहे.

मला लागत होतं, ते धुक्यासाठी. लांबवर झोत टाकणारे स्पॉट मी घेतले नाहीत. ताशी पंधराच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला चारशे मीटरवरचं झाड बघून काय करायचं? रुंद झोताचे, काचेवर 'ई' खूण (युरोपीय मान्यतेची) असलेले फॉग लॅम्प घेतले, एच-३ बल्बचे, ५५ वॅटचे. 'ई' खूण महत्त्वाची, कारण तो झोत ठरलेल्या मापात तपासलेला असतो. हॅलोजन एवढ्यासाठी की बल्ब गेला तर पावसात, रस्त्याच्या कडेला मला स्वतःला बदलता येतो. दोन जादा बल्ब डॅशबोर्डच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवलेत. त्याच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

पिवळ्याबद्दल बरंच बोललं जातं. पिवळा उजेड धुकं भेदून जातो हे खरं नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की सगळे रंग ते सारखेच विखुरतात. पण निळसर पांढरा उजेड डोळ्यांना जास्त टोचतो, आणि पिवळ्यात तो निळा भाग नसतो. मी पिवळेच लावले. तासभर धुक्यात चालवल्यावर डोळे कमी शिणतात.

बसवले मूळच्या बंपरवर, हेडलाइटच्या बऱ्याच खाली. बुल बारचा, म्हणजे बंपरपुढे लावतात त्या लोखंडी दांड्यांचा, प्रश्नच नव्हता, २०१७च्या डिसेंबरातच केंद्राने राज्यांना अशा दांड्यांवर कारवाई करायला कळवलं आहे. दोन दिव्यांचे मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कुणीच वाली नसतो. बॅटरीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ नंबरच्या पिनेवरून दिव्यांना. रिले ओढणारी वायर पार्किंग लाइटवरून घेतली, म्हणजे गाडीचे दिवे मालवून मी गोठ्यात पळाले की फॉगही विझतात, ते एकटेच चालू राहून बॅटरी बसणार नाही.

झोत लावताना गाडी सपाटीवर, भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली आणि झोताची वरची कड त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली आणली. हे करताना मागे नायट्रोजनचा कंटेनर (कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या गार ठेवायचा), औषधांची पेटी, सगळं रोजचं ओझं ठेवलेलं होतं. रिकाम्या गाडीवर लावलेला झोत ओझं भरल्यावर नाक वर करतो आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. घाटात समोरच्याला आंधळं करणं म्हणजे स्वतःच्या अंगावर गाडी ओढवून घेणं.

रुंद झोताचं आणखी एक कारण माझ्या धंद्यातलं. गाय, म्हैस, बिबट्या, रानमांजर यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो. म्हणून उजेड पडला की लांबूनच दोन ठिपके लुकलुकतात आणि आपण सावध होतो. डुकराच्या डोळ्यांत तो थर नसतो. रानडुक्कर रस्त्याकडेच्या कारवीत उभं असलं तरी काही चमकत नाही, एकदम काळं धूड आडवं येतं. त्याला बघायचं तर उजेड रस्त्याच्या कडेवर पडायला हवा, थेट समोर नव्हे. आणि जनावर रस्त्यात आलंच तर मी आधी अप्पर घालवते आणि थांबते. दिपलेलं जनावर हलत नाही, त्याला दिशाच कळत नाही.

लाइट बार उतरवला तेव्हा एलईडीचा एक छोटा, १८ वॅटचा, पसरट उजेडाचा दिवा मागच्या दारावर लावला. दीड अँपिअर खातो, इंजिन बंद ठेवूनही तासभर बिनघोर चालतो. गेल्या श्रावणात त्याच वाडीत पुन्हा जाणं झालं. वीज गेलेली. गाडी उलटी करून गोठ्याच्या तोंडाशी लावली आणि मागचा दिवा लावला. रेडकाचे पुढचे पाय बाहेर, मान मागे वळलेली. याआधी अशा वेळी कुणीतरी खांद्यावरून मोबाइल धरायचं आणि नेमकी माझ्याच हाताची सावली पडायची. या वेळी दोन्ही हात मोकळे होते, आणि समोर काय चाललंय ते घरच्यांनाही दिसत होतं. चाळीस मिनिटं लागली. रेडकू बाहेर आलं, नाकातला चिकटा काढला, फुरफुरलं. म्हैस वळून चाटायला लागली तशी कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "बाई गं, आता मालव तो दिवा, रेडकू डोळं मिटतंय."